ओल्या गोवऱ्या

आज सकाळी मास्तर परसात उकिडवे बसून गोवऱ्या निवडत होते. एकेक गोवरी हातात घ्यायची, उलटी करून बघायची, नखाने टोकरायची आणि डाव्या नाहीतर उजव्या ढिगात ठेवायची. बाजारातून कधी धड वांगं पारखून आणलं नाही या माणसाने. मी दारातून बघत राहिले आणि मनाशी म्हटलं, अखजी झाली, आता जावई येणार.

मास्तर म्हणजे आमचे हे. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, पण कागदावर 'अहो' लिहिणं काही बरं दिसत नाही. धुळ्यातली सगळी पोरं त्यांना मास्तर म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. शाळेला सध्या उन्हाळ्याची सुट्टी आहे. सुट्टीतले मास्तर म्हणजे घरात नुसता अडथळा. सकाळी उशिरा उठायचं, तांब्याभर चहा प्यायचा, तोही हल्ली साखर मोजून मिळते म्हणून गुळाचा, आणि मग दिवसभर मी जिथे काम करीन नेमकं तिथे येऊन बसायचं. कुरडया वाळत घातल्या की त्यांची बाज तिथेच. लोणच्याच्या कैऱ्या चिरायला घेतल्या की मीठ लावलेली फोड उचलायला हात हजर. पण गोवऱ्या निवडायला बसले की मी त्यांना काही बोलत नाही. ते काम माझ्या माहेरचं आहे.

कमळ, आमची मुलगी, अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी शिरपूरहून मोटारीने आली. लग्नानंतरची तिची पहिली अखजी. आली तेव्हा अंगणातल्या लिंबाला झोका बांधून तयार होता, शेजारच्या पोरी तिची वाट बघत होत्या. कमळने दोन झोके घेतले, आमरसात बुडवून मांडा खाल्ला आणि जी झोपली, ती अजून झोपलीच आहे म्हणायला हरकत नाही. उठते, जेवते, 'आई, जरा पडते गं' म्हणते आणि पुन्हा ओल्या गोणपाटाच्या पडद्याआड जाऊन आडवी होते. देवाच्या दयेने तिला काही झालेलं नाही. सासरची माणसंही चांगली आहेत. नुसती दमलीय पोर. पहाटेपासून सगळ्यांच्या नजरेत राहायचं, पदर सावरायचा, पायरव ऐकला की उठून उभं राहायचं, याचा शीण असतो. तो सासरी कळतही नाही. माहेरच्या उंबऱ्यात पाय पडला की एकदम गुडघ्यात उतरतो. शेजारणी म्हणतात, लेक नुसती लोळते तुमची. म्हटलं, लोळू दे की. तेवढ्यासाठीच तर आणलीय तिला.

वैशाखातल्या दुपारी खानदेशात दुसरं काही करता येण्यासारखं नसतंच. कपाशीचं केव्हाच संपलेलं असतं, तिच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, उपटून अंगणात रचलेल्या असतात, रान उघडं पडून तापत असतं. बैलही सावलीत बसून डोळे मिटून रवंथ करतात. चिमण्या पन्हळीत जाऊन गप्प होतात. अशा दुपारी घरभर आढीतल्या आंब्यांचा वास हिंडतो, आणि मला मात्र त्या वासाआडून दुसराच एक वास येतो. गोवरीच्या धुराचा, भाजलेल्या कांद्याखोबऱ्याचा आणि बंद हंडीतून कुठूनतरी वाट काढत येणाऱ्या मटणाचा. तीस वर्षं होत आली असतील. तो वास अजून आला की माझे डोळे जड होतात. भूक लागत नाही, झोप येते. हे मी कोणाला सांगितलं तर हसतील.

माझं माहेर चाळीसगाव तालुक्यातलं, गिरणेच्या काठचं. सपाट मातीच्या छताचं धाब्याचं घर, पुढे अंगण, मागे परस, परसात लिंब आणि लिंबापलीकडे गुरांचा गोठा. त्या घरात मटण खायला कोणाची ना नव्हती, पण ते शिजवायचं घराबाहेर. मायचा तसा दंडकच होता. 'मना चुल्हावर ती हंडी चढानी नही,' असं ती एकदा म्हणाली की विषय संपला. त्यामुळे मटण हे पुरुषांचं काम. परसात तीन दगड मांडून आबा ते करत. आबा म्हणजे माझे वडील. माय घरातून मसाला वाटून द्यायची, भाकरी भाजून द्यायची, पण हंडीकडे बघायची नाही. वास आला की मात्र दाराशी येऊन उगाच विचारायची, 'मीठ टाकं का?' आबा म्हणायचे, 'टाकं.' तेवढाच तिचा सहभाग.

आबांची रीत ठरलेली होती. काळ्या मातीची हंडी. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवात काळं होईस्तोवर भाजायचं, लसूण-मिरचीबरोबर पाट्यावर वाटायचं, मटणाला चोळायचं, हंडीत भरायचं आणि झाकण ठेवून कडेने कणकेचा लांबट वळा चिकटवायचा. एकदा ती कणीक लावली की हंडीचं तोंड उघडायचं नाही. मध्ये ढवळणं नाही, बघणं नाही. आबा हंडीला कान लावून ऐकायचे आणि आत काय चाललंय ते सांगायचे. जाळ कसा हवा त्यावर सगळं होतं. घाई असली तर पऱ्हाट्या लावायच्या, त्या भडभड पेटतात. वेळ असला तर गोवऱ्या. गोवरी मनाला येईल तशी धुमसते.

आणि आणखी एक रीत होती. लेकीला न्यायला जावई आला की त्याला मटण खाऊ घातल्याशिवाय धाडायचं नाही. हंडी विस्तवावर चढली की जावयाने उठायचं नाही. चढलेली हंडी सोडून जावई गेला, तर गावात वर्षभर चर्चा. मग सासऱ्याने कसला पाहुणचार केला आणि जावई कसला रुसला, याच्या गोष्टी पारावर रंगायच्या. म्हणून जावई कितीही घाईचा असला तरी हंडीपुढे त्याचं काही चालत नसे.

ज्या उन्हाळ्याचं मी सांगतेय, त्याच्या आधीच्या माघात मला मुलगी झाली होती. आठव्या महिन्यातच झाली, मला माहेरी आणायच्या आधी, धुळ्यालाच. बारसं व्हायच्या आत ती गेली. माझ्या माहेरच्या कोणी तिला पाहिलंसुद्धा नाही. तिला नावही नव्हतं, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचं तर काय म्हणून बोलायचं, हाही प्रश्न होता. अंगावरचं दूध लवकर आटेना. पदर ओला व्हायचा आणि मी तो चुलीपुढे बसून वाळवायची. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांची स्वतःची तीन गेलेली होती. त्या म्हणाल्या, 'कामाला लाग, म्हणजे विसर पडेल.' मी कामाला लागले. पहाटे जातं, मग पाणी, मग स्वयंपाक. विसर काही पडला नाही, पण झोप उडाली ती उडालीच. अंथरुणावर मी नुसती डोळे उघडे ठेवून पडायची. शेजारी मास्तर असायचे. तेव्हा ते नुकतेच शाळेत लागलेले, मिसरूड नीट न फुटलेले. ते काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं त्यांना गाढ झोप लागते. मला त्यांचा राग यायचा, खरं सांगते, फार राग यायचा.

अखजीला आबा बैलगाडी घेऊन आले आणि मला घेऊन गेले. वाटेत ते बैलांशी बोलले, माझ्याशी नाही. घरी पोचल्यावर मायने मला कुशीत घेतलं, दोघी रडलो, तो एक दिवस बरा गेला. पण झोप तिथेही येईना. मैत्रिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, मला हाक मारत होत्या. मी ओट्यावर बसून बघायची. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, 'व्हई व माय दुसरं, काय चिंता करतीस.' मी मान हलवायची. माय डोक्याला तेल चोळायची, दूध प्यायला द्यायची, अंगारा लावायची. मी पहाटेपर्यंत धाब्यावर पडून चांदण्या बघायची आणि उजाडलं की उठून बसायची. डोळ्यांखाली काळं झालं होतं. आरशात बघितलं की सासूबाईंच्या वयाची दिसायची.

 आबांनी माझ्यासाठी एवढंच केलं, की परसात लिंबाखाली बाज टाकली आणि गोठ्याच्या बाजूने तुराट्यांचा कूड उभा केला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर नको. रोज दुपारी भोवती पाणी शिंपडायचे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून खुंटीला अडकवल्या. का काढल्या म्हणून मायने विचारलं तर म्हणाले, 'बैलंसले गरम व्हस.' घुंगरांनी बैलांना उकडतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तर असे दिवस जात होते आणि एका रविवारी सकाळी मास्तर न्यायला आले.

मी त्यांना कुडाआडून पाहिलं. धोतर धुळीने लाल झालेलं, डोक्यावर टोपी, काखेत छत्री. आल्या आल्या पाय धुऊन त्यांनी पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, 'आबा, आज संध्याकाळच्या आगगाडीनं निघायला हवं. आईनं बजावून सांगितलंय. ताईचं लग्न ज्येष्ठात आहे, घरात हळकुंडापासून सगळं व्हायचंय.' ताई म्हणजे माझी नणंद. खोटं काहीच नव्हतं. लग्नघर होतं, पापड-कुरडयांपासून दळणापर्यंत ढीग पडला होता आणि सून माहेरी बसून होती. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'जाशात, जाशात. पहिले जेवा.'

आणि ते मटण आणायला गेले.

गावात रविवारी बोकड पडायचं, चार घरं मिळून वाटे करायचे. आबांना मटणाची पारख होती. कोवळं कुठलं आणि जून कुठलं, हे ते लांबून सांगत. त्या दिवशी मात्र त्यांनी सगळ्यात जून मांस आणलं, मांडीचं, दोरीसारख्या तंतूंचं. मायने टोपलीत बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. आबा तिला म्हणाले, 'तू मसाला वाट.'

मी बाजेवर पडून सगळं ऐकत होते. मला रडू येत होतं. आता पुन्हा ती पहाट, ते जातं, ते अंथरूण. गाडी संध्याकाळची. तोपर्यंत मी मनातल्या मनात सामान बांधत होते. आबा आणि मास्तर कुडाच्या पलीकडे, माझ्यापासून चार हातांवर. हंडी चढली. धूर डोळ्यांत यायला लागला, इतका की मास्तर खोकायला लागले.

'आबा, गोवऱ्या ओल्या दिसतात,' मास्तर म्हणाले.

'कोरड्या गवऱ्या पावसायासाठे ठेवेल शेत.'

'मग थोड्या पऱ्हाट्या लावू का? लवकर होईल.'

'पऱ्हाटीवर करपस ते.'

मास्तरांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. धुळ्याला आमच्या घरी मटण चुलीवर, पितळी पातेल्यात, भाकरी होईतो तयार व्हायचं. त्यांना वाटलं, इथेही तसंच. दिवस वर चढला तरी कणीक नुसती वाळत होती. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, 'शिजलं असेल का?' आबांनी हंडीला कान लावला, बराच वेळ लावला, जणू आतून कोणी सांगतंय, आणि मान हलवली. 'शिजी, शिजी. जून बोकड शे.'

'गाडी चुकेल, आबा.'

'हंडी चढेल शे. आते जवाईले उठता येत नही.'

 मास्तरांनी छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मला कुडाआड हसू आलं. कितीतरी दिवसांत आलं नव्हतं. धुराचा वास, मसाल्याचा वास, दोघांचं ते तुटक तुटक बोलणं, वर लिंबाची सावली हलत होती. माझे डोळे कधी मिटले मला माहीत नाही.

पुढचं मला मायने नंतर सांगितलं. मी घोरायला लागले होते. चांगली मोठ्याने, नांगरून आलेल्या गड्यासारखी. मास्तर दचकले. म्हणाले, 'हा आवाज कसला?'

आबा अगदी हळू आवाजात म्हणाले, 'पोर झोपेल शे. हयू बोला.'

माय म्हणते, त्यानंतर मास्तरांनी गाडीचं नाव काढलं नाही. छत्री मिटून बाजूला ठेवली आणि कुडाकडे पाठ करून बसले. गोठ्यात वासरू हंबरलं तर उठून जाऊन त्याच्यापुढे चारा टाकून आले.

ती झोप मी कशी सांगू. माघापासूनची सगळी जागरणं तिच्यात बुडाली. स्वप्न नाही, काही नाही. मध्ये एकदा घसा कोरडा पडून मला जाग आली. सूर्य कलला होता, सावली बाजेवरून सरकून माझ्या पायांवर ऊन आलं होतं. गाडी गाठायची तर आता निघायलाच हवं होतं, एवढं मला कळलं.  मी पाण्याच्या तांब्याकडे हात नेला आणि कुडाच्या फटीतून पलीकडे बघितलं.

आबा लिंबाच्या खोडाला टेकून, पागोटं डोळ्यांवर ओढून झोपले होते. खरंच झोपले होते, तोंड उघडं होतं. मास्तर विस्तवापाशी उकिडवे बसले होते. हाताशीच पऱ्हाट्यांचा भारा. मला वाटलं, आबांचा डोळा लागलाय हे बघून हे आता जाळ वाढवणार. हंडी उतरवतील, चार घास खातील आणि मला उठवतील.  मास्तरांनी आबांकडे बघितलं. मग कुडाकडे बघितलं, नेमकं मी होते त्या बाजूला. मग त्यांनी विस्तवात हात घातला आणि पेटलेली गोवरी बाहेर ओढली. धुळीत दाबून विझवली. मग दुसरी. चिमटा कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि शोधायला उठले असते तर आवाज झाला असता. तिसऱ्या गोवरीला बोट भाजलं. त्यांनी ते तोंडात घातलं, डोळे मिटले, पण हूं की चूं केलं नाही. विझवलेल्या गोवऱ्यांवर माती ओढली आणि पुन्हा जागेवर जाऊन शहाण्यासारखे बसले.

मी तांब्या खाली ठेवला. पाणी प्यायचं राहूनच गेलं. माझी जागरणं मी कधी सांगितली नव्हती, म्हणजे इतके महिने माझ्या शेजारी झोपणारा हा माणूस रात्रभर जागा असायचा, हे मला तेव्हा कळलं. मी जागी आहे हे त्याला रोज माहीत होतं. काय बोलावं हे त्याला कळत नव्हतं, एवढंच. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मी कुशीवर वळले आणि पुन्हा झोपले.

उठले तेव्हा दिवे लागले होते. गाडी केव्हाच गेली होती. आबा राख उकरत होते. मातीखालच्या अर्धवट जळलेल्या गोवऱ्या त्यांच्या हाताला लागल्या. एक, दोन, तीन. त्यांनी त्या उचलून बघितल्या, मग मास्तरांकडे बघितलं. मास्तर हात मागे घेऊन उभे होते, वर्गात पकडलेल्या पोरासारखे. मला वाटलं आता आबा काही बोलतील. ते घरात गेले आणि वाटीत तूप घेऊन आले.

'बोट दखाडा, जवाईबापू.'

मास्तरांनी बोट पुढे केलं. आबांनी त्याला तूप लावलं, फुंकर घातली. 

मग विस्तव पुन्हा नीट पेटवला, या वेळी चांगल्या वाळलेल्या गोवऱ्यांवर, आणि जेवायला बसायच्या वेळी कणीक फोडली. इतक्या धिम्या आचेवर दिवसभर राहिल्याने ते जून मांस पार विरघळलं होतं. हाड धरून उचललं तर नुसतं हाडच हातात यायचं. मांसाचे धागे सुटले होते, बोंडातून कापूस ओढावा तसे निघत होते. काळा रस्सा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर फोडलेला कांदा. आधी पुरुषांनी जेवायचं असा शिरस्ता, पण त्या दिवशी पहिली वाटी आबांनी भरली आणि स्वतः माझ्यापुढे आणून ठेवली. 'झोप लागनी का, माय?' त्यांनी विचारलं. मी मान हलवली. तोंडात घास होता. मी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली. माय चुलीपाशी बसून रडत रडत भाकऱ्या थापत होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी निघायचा विषय काढायच्या आधीच आबा म्हणाले, 'आज आवस शे. आवसले आंडेर धाडत नहीत.' अमावास्येला कोण लेक धाडतं, ते खरंच होतं. मंगळवारी त्यांनी गोठ्यातून येऊन जाहीर केलं, 'बैलना पाय दुखस. लंगडस.' मी बघितलं होतं, सकाळीच तो बैल ओढ्यावर उड्या मारत गेला होता. मास्तरांनीही बघितलं होतं. ते म्हणाले, 'हो, मलाही लंगडताना दिसला.' बुधवारी तर लेकीची पाठवणी कोणीच करत नाही. असे ते दिवस. मी झोपले, उठले, आंबे खाल्ले, झोक्यावर बसले, पुन्हा झोपले. मास्तर आबांबरोबर शेतावर जायचे, विहिरीत पोहायचे, पारावर पत्ते कुटायचे. मला वाटतं, त्यांच्याही आयुष्यातली ती पहिलीच सुट्टी असावी. गुरुवारी गाडी जुंपली तेव्हा बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा पुन्हा घातलेल्या होत्या. मी रडले, सगळ्याच रडतात तशी रडले. पण गाडीत बसल्यावर मास्तरांच्या खांद्यावर डोकं टाकून मला झोप लागली, आणि चाळीसगाव आल्यावर त्यांनी मला उठवलं. ते चारचौघांनी पाहिलं, धुळ्यापर्यंत पोचलं, म्हणून नंतर सासूबाईंची बोलणी आम्ही दोघांनी मिळून खाल्ली.

आबा गेल्याला बरीच वर्षं झाली. ते धाब्याचं घर भावाने उतरवून कौलारू बांधलं. लिंब मात्र आहे. मास्तर आबांकडून हंडी शिकले, म्हणजे शिकले असं त्यांना वाटतं. मसाल्यात मीठ हमखास विसरतात आणि मला दाराशी येऊन विचारावंच लागतं. त्या रविवारबद्दल मात्र आम्ही कधी बोललो नाही. त्यांना वाटत आलं, की मी झोपेत होते. मला वाटायचं, राहू द्यावं त्यांचं एवढं गुपित त्यांच्यापाशी. माणसाच्या नावावर एखादी चांगली गोष्ट असावी आणि ती कोणाला ठाऊक नसावी, यात त्याला सुख असतं. शिवाय सांगितलं असतं तर त्यांनी चष्मा पुसायला घेतला असता आणि विषय बदलला असता, हेही आहेच.

आज दुपारी हा लेख लिहीत इथवर आले होते तेवढ्यात अंगणात हाक आली. जावई उद्याऐवजी आजच आले. चांगला मुलगा आहे, घाईचा. पाणी पिऊन झाल्याबरोबर म्हणाला, 'संध्याकाळच्या शेवटच्या मोटारीनं निघालो तर बरं पडेल. घरी वाट बघतायत.' आत पडद्याआड कमळ गाढ झोपली होती. मास्तर म्हणाले, 'जाल हो. आधी जेवा.' मटण कुठूनसं आधीच आणून ठेवलेलं होतं, हे मला आत्ता कळलं. हंडी चढली, कणीक लागली, परसात धूर झाला, जावई खोकायला लागले. प्रवासाने दमलेले असणार. थोड्या वेळाने ओट्यावरच्या बाजेवर टेकले आणि त्यांचा डोळा लागला.

मी लेखणी ठेवून परसदारी गेले. मास्तर विस्तवापाशी वाकून बसले होते. आताशा गुडघे दुखतात, तरी बसले होते. त्यांनी एकदा ओट्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे, आणि विस्तवात हात घालायला लागले.

मी कोनाड्यातला चिमटा घेतला आणि त्यांच्यापुढे धरला.

'याने काढा,' मी म्हटलं. 'मागच्या खेपेला बोट भाजलं होतं.'

मास्तरांनी वर बघितलं.  धुराने म्हणा की कशाने म्हणा, त्यांचे डोळे भरून आले होते.

'तू जागी होतीस?'

'पाणी प्यायला उठले होते,' मी म्हटलं. 'हयू बोला. पोर झोपेल शे.'